अंड्यातले पहिले ७२ तास: जनुकांचं काम घरच्या पेटीत कसं पाहायचं

जनुक डोळ्यांना दिसत नाही. त्याने केलेलं काम मात्र दिसतं, आणि कोंबडीच्या अंड्यात ते ठरल्या तासाला, ठरल्या जागी दिसतं. गावरान कोंबडीची ताजी अंडी, थर्माकोलची पेटी, पिवळा बल्ब, मेडिकलमधली सिरिंज आणि एक भिंग एवढं जमवलं की शाळेतल्या मुलांना किंवा कोंबड्या पाळणाऱ्या घराला भ्रूणाचे पहिले तीन दिवस पाहता येतात. खालची रीत विदर्भातलं गाव डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. इथलं ऊन आणि इथलं लोडशेडिंग, दोन्ही या कामात आडवे येतात.

एक गोष्ट आधी पक्की करून घ्या. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा संच तोच असतो. डोळ्याची पेशी आणि पायाची पेशी वेगळी होते ती कोणतं जनुक चालू आणि कोणतं बंद यावरून. आणि ते कशावरून ठरतं? पेशी कुठे बसली आहे, शेजारीण तिला कोणतं प्रथिन पाठवते आहे आणि किती तास झाले आहेत यावरून. म्हणून या कामात घड्याळ आणि थर्मामीटर यांची किंमत भिंगाइतकीच.

अंडी

दुकानातली पांढरी अंडी चालणार नाहीत. लेअर फार्मवर कोंबडा नसतो, त्यामुळे ती अंडी फलित नसतात. कितीही ऊब दिली तरी त्यात काही होत नाही. आठ-दहा कोंबड्यांमागे एक तरणा कोंबडा असलेल्या घरची अंडी घ्या. कोंबडी कोंबड्याचं वीर्य अंडनलिकेतल्या बारीक नळ्यांत साठवून ठेवते, त्यामुळे कोंबडा विकल्यावरही साधारण दोन आठवडे काही अंडी फलित निघतात. आठवडी बाजारातल्या गावरान अंड्यांवर मात्र भिस्त ठेवू नका. ती किती दिवसांची, किती वेळ उन्हात राहिली, काहीच कळत नाही.

अंडं सात दिवसांपेक्षा जुनं नको. साठवण १५ ते १८ अंशांवर व्हावी. दिवाळीनंतर शिवरात्रीपर्यंत घरातला थंड कोपरा पुरतो, आणि हे काम करायला हाच काळ सर्वांत चांगला. एप्रिल-मे मध्ये खोलीच ४० अंशांच्या पुढे जाते. तेव्हा टोपल्यात ठेवलेल्या अंड्यातलं भ्रूण कुणी न सांगता वाढू लागतं, पण धड वाढत नाही. साधारण २७-२८ अंशांवर काही पेशी विभागत राहतात, काही मागे पडतात, रचना विस्कटते आणि नंतर योग्य ऊब मिळाली तरी भ्रूण पहिल्या दोन दिवसांत मरतं. उन्हाळ्यात खुडूक कोंबडीखालची निम्मी अंडी ‘खराब’ निघतात त्यातली बरीचशी या कारणाने. दोष कोंबडीचा नसतो. उन्हाळ्यात करायचंच असेल तर ओल्या रेतीवर पसरट मडकं ठेवा, त्यात अंडी, वरून ओलं पोतं, आणि दोन-तीन दिवसांत वापरून टाका. फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवू नका, तिथे फार थंड पडतं.

एका वर्गासाठी १८ अंडी घ्या: पाच वेळांसाठी प्रत्येकी तीन आणि तपासणीला तीन. तपासणीचं अंडं वाटीत फोडा आणि पिवळ्या बलकावरचा पांढरा ठिपका पाहा. फलित अंड्यात तो चार-पाच मिलिमीटरचा, गोल, कडेला पांढरं कडं आणि मध्ये थोडा पारदर्शक असतो. अफलित अंड्यात ठिपका लहान, घट्ट पांढरा आणि वेड्यावाकड्या कडेचा. तीनपैकी दोन फलित निघाली तर पुढे जा.

त्या ठिपक्यात आधीच ४० ते ६० हजार पेशी असतात. फलन अंडनलिकेच्या तोंडाशी होतं आणि कवच चढून अंडं बाहेर यायला साधारण २४-२५ तास लागतात. तेवढ्या वेळात, कोंबडीच्या ४१ अंशांच्या अंगात, या पेशी तयार झालेल्या असतात. अगदी पहिल्या विभाजनांना भ्रूणाची स्वतःची जनुकं लागत नाहीत. आईने बलकाबरोबर भरून ठेवलेली आरएनए (जनुकांच्या निरोपाच्या प्रती) आणि प्रथिनं तो गाडा ओढतात. भ्रूणाची जनुकं चालू होतात ती अंडं अजून कोंबडीच्या पोटात असतानाच.

पेटी

औषधांची किंवा मासळीची जाड थर्माकोलची पेटी घ्या, साधारण ४५ × ३० × ३० सेंटिमीटर. ४० वॅटचा तारेचा पिवळा बल्ब लावा. एलईडी चालणार नाही, तो ऊब देत नाही. होल्डर प्लायवूडच्या तुकड्यावर स्क्रूने बसवा आणि बल्बभोवती चारही बाजूंनी किमान १० सेंटिमीटर मोकळं ठेवा. थर्माकोल वितळतो आणि पेटही घेतो. जुन्या कॉम्प्युटरमधला १२ व्होल्टचा पंखा अडॅप्टरवर सतत चालू ठेवा. तळाला आणि झाकणाला बोटाएवढी दोन-दोन भोकं पाडा.

तापमानाला २३० व्होल्टवर चालणारा डिजिटल कंट्रोलर लावा. एसटीसी-१००० सारख्या कंट्रोलरमध्ये ३७.७ अंश आणि फरक ०.३ ठेवला की बल्ब ३७.४ ला लागतो आणि ३७.७ ला विझतो. सेन्सरचं टोक अंड्यांच्या वरच्या पातळीला, बल्बच्या थेट उजेडात येणार नाही असं टांगा. सर्वाधिक पेट्या इथेच फसतात: सेन्सर तळाशी पडलेला असतो, आकडा बरोबर दिसतो आणि वर अंडी ४० अंशांवर भाजत असतात. कंट्रोलरवर विसंबू नका, शेजारी ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर ठेवून ताडून पाहा. पंखा नसलेल्या पेटीत वरची हवा तापते आणि खालची थंड राहते, म्हणून तिथे अंड्याच्या वरच्या टोकाशी ३८.५ च्या आसपास ठेवावं लागतं.

पाण्याची पसरट ताटली ठेवा. दमटपणा ५५ ते ६० टक्के हवा. इथल्या मार्चनंतरच्या कोरड्या हवेत एक ताटली पुरत नाही, कडेला ओलं फडकं लटकवा. मे महिन्यात खोली ४० वर गेली तर बल्ब विझूनही पेटी तापत राहते, आणि कंट्रोलर तापवू शकतो, थंड करू शकत नाही. त्या दिवसांत पेटी मातीच्या घराच्या आतल्या खोलीत हलवा किंवा काम पुढे ढकला.

लाइट गेली तर घाबरायचं कारण नाही. पेटीत सुरुवातीपासून पाण्याच्या दोन लिटरच्या बाटल्या ठेवा, त्या ऊब धरून ठेवतात. लाइट गेली की भोकं बुजवा, गोधडी गुंडाळा. पहिल्या तीन दिवसांचं भ्रूण दोन-तीन तासांची थंडी सोसतं, फक्त तेवढं मागे पडतं. उष्णता मात्र सोसत नाही. घाईघाईत बाटलीत उकळतं पाणी भरणं हीच खरी चूक. हाताला सोसेल एवढंच कोमट भरा.

वेळ उलटी मोजा

शनिवारी सकाळची शाळा असते, नऊ वाजता सगळ्या अवस्था एकदम हव्यात. मग बुधवारी सकाळी नऊला पहिली तीन अंडी ठेवा, ती ७२ तासांची होतील. गुरुवारी सकाळी नऊची ४८ तासांची, गुरुवारी संध्याकाळी सातची ३८ तासांची, शुक्रवारी सकाळी नऊची २४ तासांची आणि शुक्रवारी दुपारी तीनची १८ तासांची. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलने वार आणि वेळ लिहा. शाई कवचातून आत झिरपते. थंड जागेतून काढलेलं अंडं आधी चार-पाच तास खोलीत राहू द्या, नाहीतर गार कवचावर दव धरतं आणि त्यातून जंतू आत जातात.

अंडी आडवी ठेवा. पिल्लं काढायची असती तर दिवसातून तीन किंवा पाच वेळा वळवावी लागली असती, नाहीतर भ्रूण कवचाला चिकटतं. तीन दिवसांच्या या कामात वळवू नका. भ्रूण बलकाच्या वरच्या बाजूला तरंगून येतं आणि तिथेच राहतं. वरच्या कवचावर फुली मारा, उघडायची जागा ती.

हॅम्बर्गर आणि हॅमिल्टन या दोघांनी १९५१ मध्ये कोंबडीच्या भ्रूणाच्या ४६ अवस्था ठरवून दिल्या आणि जगभर आजही त्याच वापरतात. त्यातले तास अंदाजाचे आहेत, अवस्था दिसण्यावरून ओळखायची. गावरान अंडी लहान असतात, पेटी वेगळी असते. पाच-सहा तास इकडे-तिकडे झाले तर पेटी बिघडली असं समजू नका.

अंडं उघडणं

सामान: ५ मिलिची सिरिंज, १८ नंबरची सुई, टोकदार बारीक कात्री, चिमटा, पारदर्शक चिकटपट्टी, सर्जिकल स्पिरिट, सलाईनची बाटली, फिल्टर पेपर, काळ्या तळाची बशी आणि १० पट मोठं दाखवणारं भिंग. मेडिकलमधलं सलाईन ०.९ टक्क्यांचं असतं, कोंबडीच्या पेशींना ०.७२ टक्के मानवतं. १०० मिलि सलाईनमध्ये २५ मिलि उकळून थंड केलेलं पाणी घातलं की बरोबर तेवढं होतं. वापरताना ते ३८ अंशांपर्यंत कोमट करा. थंड सलाईन पडलं की हृदय मंदावतं आणि मुलं म्हणतात मेलं.

१८ आणि २४ तासांचं भ्रूण कवचात नीट दिसत नाही, ते उचलून घ्यावं लागतं. अंडं बशीत हळूच फोडा. ठिपका वर नसेल तर चमच्याने बलक फिरवा. ठिपक्याभोवतीचा घट्ट पांढरा भाग टिश्यूने टिपून काढा. हा टप्पा गाळला तर कागद चिकटत नाही आणि सगळा खेळ संपतो. फिल्टर पेपरच्या तुकड्याला पंचिंगने दोन भोकं एकमेकांत मिसळतील अशी पाडा. ठिपका भोकात येईल असा कागद ठेवा, दहा सेकंद थांबा, कागदाच्या बाहेरून कात्रीने पडदा गोल कापा आणि कागदासकट उचलून सलाईनमध्ये सोडा. ड्रॉपरने थेंब-थेंब सोडून चिकटलेला पिवळा बलक धुवा.

३८ तासांपासून पुढे खिडकी करा. कवच स्पिरिटने पुसा. अंड्याच्या टोकदार बाजूला सुईने भोक पाडा, सुई खालच्या अंगाला झुकवून दोन मिलि पातळ पांढरा भाग ओढून घ्या. बलक सिरिंजमध्ये पिवळा दिसला तर सुई चुकली, ते अंडं बाजूला ठेवा. पांढरा भाग काढल्याने भ्रूण कवचापासून खाली बसतं; हे न करता कात्री घातली तर पहिल्याच कापात भ्रूण फाटतं. भोकावर पट्टी लावा. फुलीच्या जागी चिकटपट्टी चिकटवा म्हणजे कवचाचा चुरा आत पडत नाही, आणि २ × १.५ सेंटिमीटरची लांबट खिडकी कापा. कात्रीचं पातं कवचाला समांतर धरा. वरून कोमट सलाईनचे दोन-तीन थेंब सोडा.

काय दिसतं आणि कोणती जनुकं ते घडवतात

१८ तासांनी ठिपक्याच्या मधल्या पारदर्शक भागात एक बारीक, धूसर रेघ दिसते. ही आद्यरेषा. ती कोणत्या बाजूने सुरू होणार हे अंडं घालण्याआधीच ठरलेलं असतं. कवच चढताना अंडं कोंबडीच्या पोटात हळूहळू फिरत राहतं, त्यात ठिपका तिरका होतो, आणि जी कड वर राहते ती शेपटीची बाजू बनते. म्हणून अंडं आडवं धरून रुंद टोक डावीकडे ठेवलं तर बहुतेक वेळा भ्रूणाचं डोकं तुमच्यापासून लांबच्या बाजूला असतं. हा फॉन बेअर यांचा नियम. तीन-चार अंड्यांवर ताडून पाहा, मुलांना फार आवडतं.

त्या वरच्या कडेच्या पेशींत व्हीजी-१ हे जनुक चालू होतं आणि विंट गटाच्या प्रथिनाच्या मदतीने शेजारच्या पेशींत नोडल हे जनुक चालू करतं. नोडल जिथे, रेघ तिथे. मग सगळीकडे रेघा का उगवत नाहीत? खालच्या थरातल्या पेशी सर्बेरस नावाचं प्रथिन सोडतात आणि ते नोडलला अडवतं. तो थर जिथून सरकतो तिथेच नोडलचं चालतं. संशोधकांनी व्हीजी-१ भलत्या कडेला चालू करून पाहिलं तर तिथे दुसरी रेघ आली. कोवळा ठिपका कापला तर तुकड्या-तुकड्यात वेगळं भ्रूण उभं राहू शकतं, हेही १९६० पर्यंत दाखवून झालं होतं. म्हणजे ‘ही पेशी डोक्याची, ही शेपटीची’ असं या वेळी पेशीवर लिहिलेलं नसतं. तिला ते शेजाऱ्यांकडून कळतं.

रेघेतल्या पेशींत ब्रॅकियुरी आणि स्नेल-२ ही जनुकं चालू होतात. स्नेल-२ मुळे पेशींना एकमेकींशी चिकटवणारं प्रथिन बनायचं थांबतं, पेशी सुटतात आणि रेघेतून खाली उतरतात. एका थराचे तीन थर होतात ते इथे.

२४ तासांनी रेघेच्या पुढच्या टोकाला गाठ दिसते, हेन्सेनची गाठ, आणि तिच्या पुढे डोक्याची घडी. ही गाठ कॉर्डिन आणि नॉगिन ही प्रथिनं सोडते. ती बीएमपी प्रथिनाला पकडून निकामी करतात. वरच्या थरावर बीएमपीचा हुकूम चालला तर कातडी होते. तो अडवला गेला तर तिथे मेंदू आणि मज्जारज्जू. बेडकाच्या भ्रूणात बीएमपी अडवणं जवळजवळ पुरतं, कोंबडीत मात्र त्याआधी एफजीएफ या दुसऱ्या प्रथिनाचा इशारा मिळालेला लागतो. अशा गाठीची ताकद पहिल्यांदा दिसली ती १९२४ मध्ये, न्यूट या सरड्यासारख्या दिसणाऱ्या उभयचराच्या भ्रूणावर, श्पेमान आणि हिल्डे मांगोल्ड यांच्या प्रयोगात; श्पेमान यांना १९३५ चं नोबेल मिळालं.

बीएमपी पुढेही कामाला येतं. गावात मानेवर पिसं नसलेली कोंबडी असते ना, तिच्या मानेच्या कातडीत याच घराण्यातलं बीएमपी-१२ जास्त बनतं आणि तिथे पिसांची मुळं धरतच नाहीत. उन्हाळा सोसायला तिला ते बरंच पडतं.

३८ तासांचं अंडं सर्वांत निगुतीने उघडा. वर्गात सगळ्यांत जास्त वेळ इथेच द्यावा. भ्रूण सहा-सात मिलिमीटरचं झालेलं असतं आणि मज्जारज्जूच्या दोन्ही बाजूंना, मक्याच्या कणसावर दाण्यांच्या जोडओळी असाव्यात तसे, चौकोनी ठोकळे दिसतात. हे कायखंड. त्यातूनच पुढे मणके, फासळ्या आणि पाठीचे स्नायू होतात. भिंगाखाली डोक्याकडून मोजत जा: या वेळी साधारण दहा जोड्या. कोंबडीत दर ९० मिनिटांनी एक जोडी तयार होते. पहिली जोडी साधारण २३-२४ तासांनी येते, म्हणून जोड्यांना दीडने गुणून २३ मिळवा, भ्रूणाचं वय तासांत येतं. वीस जोड्यांपर्यंत हा हिशेब चांगला चालतो. गुरुवारी रात्री लाइट किती वेळ गेली होती हेसुद्धा यावरून ताडता येतं.

हे ९० मिनिटांचं घड्याळ जनुकांनीच चालवलेलं आहे. शेपटीकडच्या पेशींत हेअरी-१ नावाचं जनुक चालू होतं, त्याचं प्रथिन बनतं, ते प्रथिन स्वतःच्याच जनुकाला बंद करतं, मग प्रथिन झिजतं आणि जनुक पुन्हा चालू होतं. एका फेरीला ९० मिनिटं. नॉच नावाच्या प्रथिनामुळे शेजारच्या पेशी एका लयीत राहतात. फ्रान्समधल्या पुर्के यांच्या प्रयोगशाळेने हे १९९७ मध्ये कोंबडीच्या भ्रूणातच दाखवलं. ठोकळ्याची कड कुठे पडायची हे शेपटीकडून येणाऱ्या एफजीएफ-८ वर ठरतं: ते जिथे पातळ पडतं तिथे पेशी थांबतात आणि घड्याळाच्या त्या फेरीतल्या सगळ्या मिळून एक ठोकळा होतो.

तीन जादा अंडी मिळाली तर ती ३६ अंशांच्या दुसऱ्या पेटीत ४८ तास ठेवा आणि ३७.७ च्या अंड्यांशी कायखंडांची संख्या ताडून पाहा. कमी भरतील. जनुकं तीच, आईबाप तेच, फक्त घड्याळ सावकाश चाललं.

याच अंड्यात हृदय पाहा. सुरुवातीला ते दोन नळ्यांचं असतं, ३० तासांच्या आसपास त्या मध्यरेषेवर जुळून एक होतात, एनकेएक्स-२.५ आणि गाटा-४ ही जनुकं तिथल्या पेशींना हृदयाच्या कामाला लावतात. ३८ तासांनी नळी भ्रूणाच्या उजव्या अंगाला फुगलेली दिसते आणि श्वास रोखून, उजेड तिरका धरून पाहिलं तर मध्येच एक आकसण, मग थांबा, मग पुन्हा आकसण. रक्त अजून फिरत नसतं. फुगवटा उजवीकडेच का? हेन्सेनच्या गाठीच्या डाव्या बाजूला सोनिक हेजहॉग नावाचं जनुक चालू असतं, ते डावीकडे नोडल चालू करतं, नोडल पिटक्स-२ या जनुकाला उठवतं आणि ‘ही डावी बाजू’ हे ठरतं. यातला सोनिक हेजहॉग आणि नोडलचा भाग १९९५ मध्ये कोंबडीतच सापडला. सोनिक हेजहॉग हे नाव व्हिडिओ गेममधल्या निळ्या हेजहॉगचं, म्हणजे काटेरी अंगाच्या छोट्या प्राण्याचं आहे. शास्त्रज्ञही कधीकधी कंटाळलेले असतात.

४८ तासांनी रक्ताचं जाळं बलकावर पसरलेलं असतं आणि हृदय एकसारखं ठोकत असतं. डोकं वाकून उजवी बाजू वर आलेली असते, डोळ्याची वाटी स्पष्ट दिसते. ती पॅक्स-६ या जनुकाच्या देखरेखीखाली बनते. माशीच्या डोळ्यालाही याच जनुकाचं भावंड लागतं.

मज्जारज्जूची नळी मिटते तीही याच सुमाराला. माणसात ती गर्भधारणेनंतर २८ दिवसांच्या आत मिटते, म्हणजे पाळी चुकल्याचं बाईला जेमतेम कळलेलं असतं तेव्हाच. ती उघडी राहिली तर पाठीचा कणा किंवा कवटी उघडी राहते. फॉलिक आम्लाची गोळी म्हणूनच गर्भ राहण्याच्या आधीपासून, रोज ४०० मायक्रोग्रॅम, घ्यायला सांगतात. तिसऱ्या महिन्यात सुरू केली तर या नळीसाठी उशीर झालेला असतो. शाळेत मुलींना मिळणाऱ्या निळ्या गोळीत लोहाबरोबर फॉलिक आम्ल असतं, हे वर्गात इथेच सांगून टाकावं.

७२ तासांनी पंख आणि पाय यांचे उंचवटे दिसतात. पंखाच्या जागी टीबीएक्स-५ हे जनुक चालू असतं, पायाच्या जागी टीबीएक्स-४. उंचवट्याच्या मागच्या कडेला पुन्हा सोनिक हेजहॉग, बोटांचा क्रम लावायला. मान कुठे संपते आणि छाती कुठे सुरू होते हे हॉक्स जनुकं ठरवतात. ती गुणसूत्रावर ज्या क्रमाने बसलेली आहेत, साधारण त्याच क्रमाने डोक्याकडून शेपटीकडे चालू होतात. हॉक्स-सी-६ ची पुढची हद्द उंदरात आणि कोंबडीत दोन्हीकडे मान-छातीच्या सांध्याशी पडते. उंदराच्या मानेत मणके सात आणि कोंबडीच्या मानेत चौदा, म्हणून ती हद्द कोंबडीत तेवढी मागे सरकलेली असते. या जनुकांचा माग आधी फळमाशीत लागला. लुईस, न्यूसलाइन-फोलहार्ट आणि विशाउस यांना त्या कामासाठी १९९५ चं नोबेल मिळालं.

कडकनाथ पाळणाऱ्यांना एक गोष्ट सांगायलाच हवी. मज्जारज्जूची नळी मिटताना तिच्या कडेच्या काही पेशी सुटून निघतात, त्यातल्या काही रंगाच्या पेशी बनतात आणि एरवी कातडीखालून पिसांकडे जातात. कडकनाथमध्ये ईडीएन-३ या जनुकाची जादा प्रत आहे. त्यामुळे त्या पेशी वाढतात आणि मांस, हाडांचं आवरण, आतडी सगळीकडे पसरतात. काळं मांस खाण्यातून आलेलं नसतं, ते याच दिवसांच्या घडामोडीतून आलेलं असतं.

बिघडलं तर

खिडकीत रक्ताचं नुसतं गोल कडं दिसलं आणि मध्ये काही नाही, तर भ्रूण रक्तवाहिन्या आल्यानंतर मेलं आहे. बहुतेक वेळा कारण जास्त उष्णता. ठिपका वाढला पण रेघ नाही, कड वेडीवाकडी, तर अंडं आधीच उन्हात अर्धवट उबलेलं होतं किंवा जुनं होतं. डोक्याची नळी उघडी, मेंदू बाहेर आल्यासारखा दिसला तर सेन्सरची जागा तपासा. उष्णतेने हे होतं. तिन्ही अंड्यांत एकच दोष असेल तर पेटीवर संशय घ्या. एकाच कोंबडीच्या अंड्यांत पुन्हापुन्हा आणि इतरांत नाही, तर जनुकांवर. बुटक्या पायांच्या क्रीपर कोंबड्यांत असं होतं: दोन्हीकडून ते जनुक आलेली पिल्लं साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंड्यातच मरतात, म्हणून क्रीपर कोंबड्याला क्रीपर कोंबडी लावली की चौथा हिस्सा जातो.

उबवलेलं अंडं फोडल्यावर वास आला तर ते न पाहताच टाका. सगळ्यांनी साबणाने हात धुवावेत, कच्च्या अंड्यावर साल्मोनेला हा जंतू असू शकतो.

पालकांना आधी सांगून ठेवा. ज्या मुलाला पाहायचं नाही त्याने पाहू नये. पाहून झालेली अंडी पुढे उबवत ठेवू नका. खिडकी पट्टीने बंद करून फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवा, मग शेणखताच्या खड्ड्यात हातभर खोल पुरा, नाहीतर कुत्री उकरतात. न उघडलेली अंडी उरली असतील तर लगेच खुडूक कोंबडीखाली सरकवा, किती तास उबली आहेत त्यानुसार अठरा ते वीस दिवसांनी पिल्लं निघतील.